वाचकांचे प्रश्न: ट्यून केलेली गाडी करून घ्यायची की स्वतः बांधायची?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत आणि हा अख्खा भाग ट्यूनिंगला दिलाय. काही पत्रं खूप मोठी होती, ती थोडी कापलीत.

प्रश्न: माझ्याकडे टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, रोज ऑफिसला तीच नेतो. ती मला रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालवायला जोरदार करून हवीय, पॉवर साधारण दीडपट. एका ट्यूनिंग शॉपने सगळं मिळून एक आकडा सांगितलाय, गाडी सोडा आणि तयार झाली की घेऊन जा. मी पार्ट्सच्या किमती काढल्या तर स्वतः केलं तर निम्म्यात होतं असं दिसतंय. सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, शॉक अ‍ॅब्सॉर्बर मी स्वतः बदलतो, इंजिन मात्र कधी खोललं नाही. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे "रोज ऑफिसला तीच नेतो". घरात एकच गाडी असेल तर तिचं इंजिन स्वतः उतरवायला घेऊ नका, कारण दोन दिवसांचं काम तीन आठवडे चालतं हे ठरलेलंच आहे, एक बोल्ट तुटतो, एक पॅकिंग चुकीचं येतं, आणि सोमवारी ऑफिसला जायचंय म्हणून माणूस घाई करतो. माझ्या बघण्यातली घरी बांधलेली जेवढी इंजिनं गेली त्यातली बरीचशी या घाईतच गेली.

आता हिशेबाचं. तुम्ही पार्ट्स जोडलेत, पण टॉर्क रेंच, मायक्रोमीटर, इंजिन उतरवायची क्रेन, मशीन शॉपचं बोरिंग-होनिंग (सिलिंडर मोठा करणं आणि आतून बारीक घासणं), दोनदा लागणारी पॅकिंग, डायनोवरचे (चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजायचं यंत्र) तास आणि मॅप (इंजिनाच्या संगणकातली पेट्रोल-स्पार्कची सेटिंग) बनवणाऱ्याची फी, हे त्यात दिसत नाहीये. शिवाय शॉपच्या आकड्यात त्यांनी आधी खराब केलेल्या इंजिनांचा अनुभव धरलेला असतो, तो तुम्हाला स्वतःच्या इंजिनावर घ्यावा लागेल. म्हणजे स्वतः करणं महागच असतं असं मी म्हणत नाही, फक्त निम्म्यात होईल या भरवशावर सुरू करू नका.

मी स्वतः हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरतो. कुठलंही काम हातात घेण्याआधी विचारायचं की यात माझी चूक झाली तर ती केवढ्याला पडेल आणि मला ती वेळेत कळेल का. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) पाइपचा क्लँप ढिला राहिला तर हिस्स असा आवाज येतो, बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, कमी येतो, तुम्ही बॉनेट उघडून तो घट्ट करता, संपलं. बुश उलटा बसला तर परत काढून बसवा, गेली एक दुपार. पण इग्निशन टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायचा क्षण, दोन-चार डिग्री जास्त लवकर आला तर गाडी उलट छान पळते, जोर वाढल्यासारखा वाटतो, आणि आत नॉकिंग चालू असतं. स्पार्कने पेटलेली ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, त्याचा धक्का पिस्टनला बसतो आणि रिंगांच्या मधला पातळ कठडा तुटतो. पूर्ण बूस्टला, टायर-एक्झॉस्टच्या आवाजात ते तुमच्या कानाला ऐकू येईलच असं नाही. चूक महाग, आणि कळते उशिरा. असलं काम रोज करणाऱ्याच्याच हातात हवं.

पेट्रोलच्या मिश्रणाचंही तेच आहे. पूर्ण ज्वलनाला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते हे पुस्तकात असतं, पण टर्बो गाडी पूर्ण थ्रॉटलला त्या प्रमाणावर चालवत नाहीत, साधारण ११.५ ते १२.५ च्या आसपास जास्त पेट्रोल देतात म्हणजे आतलं तापमान आवरतं आणि नॉकिंग दूर राहतं. बऱ्याच गाड्यांतला साधा ऑक्सिजन सेन्सर फक्त १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, नेमका आकडा सांगायला वाइडबँड लागतो. इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे नोझल, ८० ते ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे राहायला लागले की ते अपुरे पडताहेत असं समजायचं. हे सगळं एकत्र, हजारो आरपीएमवर, लोड बदलत बघायचं असतं आणि ते डायनोवर बसलेला अनुभवी माणूसच नीट बघतो.

त्यामुळे माझं उत्तर मधलं आहे. मॅपिंग बाहेर द्या, सिलिंडरचं बोरिंग-होनिंग आणि क्रँकचं बॅलन्सिंगही बाहेर. पण ब्रेक, टायर, बुश, कूलिंग, इंटरकूलर, पाइपिंग, हे तुम्ही स्वतः करा, तुमचा हात त्यावर बसलेलाच आहे. आणि सुरुवात तिथूनच करा. वेग वाढला की ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे १०० ऐवजी १४० च्या वेगावरून थांबवायचं तर ब्रेकना जवळजवळ दुप्पट उष्णता खावी लागते, ट्रॅकवर दर लॅपला हे होतं. जुनं ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं, ते तिथे उकळतं आणि पेडल खाली जातं. ते आधी बदला, पॉवरचं नंतर बघू.

मग मूळ टर्बोवरच चांगल्या ट्यूनरकडून फक्त रीमॅप, म्हणजे मूळ मॅपमधे बदल, करून घ्या. कारखान्यातून टर्बो आलेल्या गाड्यांत त्याने साधारण २० ते ३० टक्के वाढ मिळते (बिनटर्बो इंजिनात फारच थोडी मिळते, तिथे रीमॅपच्या जाहिरातींवर जाऊ नका). दीडपट पाहिजे तर टर्बो, इंजेक्टर, पंप, क्लच अशी रांगच लागते. रीमॅप करून सहा महिने चालवा आणि मग ठरवा. मला खूप जण भेटलेत ज्यांचं मन तिथेच भरलं.

प्रश्न: मी शॉपकडूनच करून घ्यायचं नक्की केलंय, वेळ नाही आणि जागाही नाही. त्यांच्याशी काय काय बोलून घ्यावं?

उत्तर: लिहून घ्यावं, नुसतं बोलून नाही. आणि पहिली गोष्ट, "मला ३०० हॉर्सपॉवर पाहिजे" असं सांगू नका. गाडी कशी वापरणार ते सांगा, रोज ट्रॅफिकमधे उभी राहते का, ट्रॅकवर सलग किती मिनिटं पळणार, कुठल्या ऑक्टेनचं पेट्रोल तुम्हाला कायम मिळतं. आकडा मागितला की आकडा मिळतो, पण त्यासाठी टर्बो एवढा मोठा लावला जातो की खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी वाटते. ९५ ऑक्टेनवर बनवलेल्या मॅपवर ९१ भरलं तर वर म्हटलं तेच नॉकिंग येतं, म्हणून मॅप कुठल्या पेट्रोलचा आहे हे कागदावर आलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. माझ्या एका गाडीत स्टँडअलोन ईसीयू (मूळचा काढून लावायचा इंजिनाचा स्वतंत्र संगणक) बसवून घेतला होता, काम सुंदर झालं, मी खूश होतो, आणि वर्षभराने थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास द्यायला लागली. तेवढीच कोल्ड स्टार्टची व्हॅल्यू बदलायची होती, दहा मिनिटांचं काम. पण मॅपवर पासवर्ड टाकलेला, ज्याने टाकला त्याने काम बंद केलेलं, फोन लागेना. दुसऱ्या ट्यूनरने लॅपटॉप लावला, स्क्रीनवर पासवर्डचा चौकोन आला आणि तो माझ्याकडे बघत बसला. शेवटी ईसीयू पुसून मॅप अगदी पहिल्यापासून बनवावा लागला, डायनोचे पैसे परत. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो, मॅपची फाइल हातात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. काही ट्यूनर म्हणतात की फाइल ही आमची मेहनत आहे, आम्ही देत नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही, पण मग ते पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे म्हणजे तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता.

फाइलबरोबर डायनोचा ग्राफ घ्या आणि त्यावर नुसती पॉवर नको, मिश्रण, बूस्ट आणि टायमिंगच्या रेषाही हव्यात. इंजिन आतून बांधलं असेल तर बिल्ड शीट घ्या, म्हणजे पिस्टन-सिलिंडरमधली फट किती ठेवली, बेअरिंगची किती, रिंगांची किती, बोल्ट कितीवर ओढले. तीन वर्षांनी ऑइल प्रेशर कमी झालं तर तो एक कागद बघून माणूस सांगू शकतो काय झालं असेल. फोर्ज्ड पिस्टन टाकणार असतील तर थंड इंजिनात थोडी टकटक येऊ शकते हेही आधी ऐकून ठेवा, ते पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात म्हणून फट जास्त ठेवतात, इंजिन तापलं की आवाज जातो. हे माहीत नसलं की पहिल्याच सकाळी भांडण होतं.

जुने काढलेले पार्ट्स परत मागा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. आणि विमा कंपनीला आणि गाडी जिथे रजिस्टर आहे तिथल्या कार्यालयाला बदल कळवायचे असतात, ती जबाबदारी शॉपची नसते, तुमची असते.

शॉप निवडताना एक विचारा, तीन-चार वर्षांपूर्वी तुम्ही केलेली आणि अजून रोज चालणारी गाडी दाखवाल का? नवीन गाडी सगळ्यांचीच चमकते.

प्रश्न: दादा, मी एकोणीस वर्षांचा आहे. मला गाडी विकत करून घ्यायचीच नाहीये, मला इंजिन बांधता यायला पाहिजे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मित्रा, तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. तुला गाडी नकोय, विद्या पाहिजे, आणि मग वर लिहिलेला पैशाचा हिशेब तुला लागूच होत नाही.

चालत्या गाडीचं इंजिन खोलू नकोस. भंगारात निघालेलं एक चार सिलिंडरचं इंजिन मिळव, असं की ज्याच्यावर जगभर लोकांनी काम केलंय, म्हणजे फटी, टॉर्क, कमजोर जागा हे सगळं लिहिलेलं सापडतं. काही इंजिनांचं ट्यूनिंगमधे एवढं नाव झालं त्याचं अर्धं कारण हेच आहे. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरचं २.६ लिटरचं इंजिन कागदावर २८० हॉर्सपॉवरचं होतं, कारण जपानी कंपन्यांनी आपसात तेवढीच मर्यादा पाळायचं ठरवलं होतं, पण ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि भक्कम, मग लोकांनी त्याचं काय काय केलं आणि ते कुठे तुटतं हेही सगळ्यांना कळलं. तू साधं इंजिन घे, पण अभ्यास झालेलं घे.

ते खोल, साफ कर, मोज, परत बांध. मोजायला शिकणं म्हणजेच इंजिन शिकणं. मी पहिल्यांदा रिंगांची फट घासली तो दिवस मला आठवतोय. रिंग सिलिंडरमधे घालायची, पिस्टन उलटा धरून तिला हळूच खाली ढकलायची म्हणजे ती सरळ बसते, मग दोन टोकांच्या मधे फिलर गेज घालून बघायचं. माझा बोअर ८६ मिलिमीटरचा होता, रस्त्यावरच्या टर्बो इंजिनाला साधारण बोअरच्या ०.००५ पट धरलं तर वरच्या रिंगेला ०.४३ मिलिमीटर होते. (रिंग बनवणाऱ्याचा कागद वेगळं सांगत असेल तर त्याचंच ऐकायचं.) रिंग आली होती ०.३० ची. कानस एकाच दिशेने, बाहेरून आत, चार वेळा फिरवायची, कडेची बूर (घासताना उठलेली धातूची धार) काढायची, पुसायची, परत सिलिंडरमधे, परत गेज. ०.३४. परत. एका रिंगेला माझा पाऊण तास गेला आणि अशा वरच्या आणि दुसऱ्या मिळून आठ रिंगा. सहा झाल्यावर मी त्या एका फडक्यावर काढून ठेवल्या आणि जेवायला गेलो, आलो तर कुठली कुठल्या सिलिंडरची ते सांगता येईना, मग सगळ्या परत मोजल्या. तेव्हापासून मी प्रत्येक रिंगेला पिशवी करतो आणि पिशवीवर नंबर घालतो. फट जास्त राहिली तर थोडी कॉम्प्रेशन खाली गळते, बास. कमी राहिली तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात, सिलिंडर ओरबाडला जातो नाहीतर पिस्टनचा कठडा उडतो. त्या दोन चुकांमधला फरक कळला की बाकी बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

टॉर्क रेंच त्याच्या रेंजच्या अगदी खालच्या पाचव्या हिश्शात वापरू नकोस, तिथे तो नीट सांगत नाही, छोट्या बोल्टांना छोटा रेंच घे. ताणून बसवायचे हेड बोल्ट एकदा काढले की नवेच घाल. आटे कोरडे की तेल लावून हे मॅन्युअलमधे बघ, तेल लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ओढला जातो. पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन काढून ठेव आणि ऑइल प्रेशर येईपर्यंत नुसता स्टार्टर थोडा थोडा मार, कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटवू नकोस. सुरू झालं, गळती नाही असं बघितलं की नुसतं आयडलला घुरघुरत ठेवू नकोस, रस्त्यावर ने आणि मधल्या आरपीएमला लोड देत-सोडत चालव, रिंगा दाबानेच बसतात. मग लवकर ऑइल बदल, फिल्टर कापून उघड आणि त्याचा कागद उजेडात धरून बघ. बारीक चमक पहिल्या वेळी असतेच, नखाने टोचेल असा तुकडा दिसला तर थांब.

प्रश्न: मित्र म्हणतात, पैसे देऊन बनवून घेतलेली गाडी ही खरी तुझी नाही. मला हे लागतं. तुमचं मत?

उत्तर: मला हे म्हणणं पटत नाही. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार लोक सुट्या भागांत घेऊन घरी जोडायचे, आणि एएमजी ही जर्मनीत १९६७ साली सुरू झालेली कंपनी दुसऱ्यांसाठी इंजिनं तयार करूनच मोठी झाली, तिथली बरीच इंजिनं अशी की एक माणूस एक इंजिन पूर्ण बांधतो आणि त्याच्या सहीची पट्टी त्यावर लागते. दोन्हीकडे गाडीवर जीव लावणारेच लोक होते. तुम्ही काय पाहिजे ते नीट ठरवलंत, कुठला टर्बो, कसं सस्पेन्शन, आवाज किती, चुकीचं वाटलं ते परत करायला लावलंत, तर ती तुमचीच गाडी आहे. पण तुमच्या गाडीत काय बसवलंय हे कोणी विचारलं आणि तुम्हाला शॉपला फोन करावा लागला, तर मित्राच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे असं म्हणेन. बिल्ड शीट वाचा, दोन संध्याकाळी लागतील.

प्रश्न: शॉपच्या डायनोवर माझी गाडी २९६ दाखवत होती, दुसरीकडे २५८. फसवलं का मला?

उत्तर: बहुतेक नाही. एकाने चाकावरची पॉवर दिली असेल आणि दुसऱ्याने गिअरबॉक्समधे वाया जाणारी पॉवर जोडून इंजिनाची. शिवाय हवेच्या तापमानाची दुरुस्ती, टायरमधली हवा, गाडी पट्ट्यांनी किती घट्ट बांधली, रोलर कुठल्या प्रकारचा, सगळ्याने आकडा हलतो. काम करायच्या आधीचा आणि नंतरचा, एकाच डायनोवरचा ग्राफ मागा, त्यातला फरक खरा. आधीचा काढलाच नसेल तर मात्र ती शॉपची चूक, आणि तसं त्यांना सांगा.

प्रश्न: मी दोन वर्षांपूर्वी स्वतः बांधायला घेतली. गाडी स्टँडवर आहे, इंजिन अर्धं जोडलेलं, पार्ट्स खोक्यांत. आता होत नाहीये माझ्याने. अर्धवट गाडी शॉपला दिली तर घेतील का? की रेटून पूर्ण करू?

उत्तर: तुमच्या पत्रात जी शरम दिसतेय ती आधी सोडा, अशा गाड्या खूप आहेत आणि त्यांचे मालक आळशी नसतात, त्यांना मूल झालेलं असतं, नोकरी बदललेली असते, घरात कोणी आजारी असतं.

शॉप घेतील, पण पहिल्यापासून खोलतील. तुम्ही कुठला बोल्ट ओढलाय आणि कुठला नुसता हाताने बसवलाय हे त्यांना माहीत नाही, आणि ज्या इंजिनाची जबाबदारी त्यांनी घ्यायची ते दुसऱ्याच्या शब्दावर कोणी बंद करत नाही. त्यामुळे अर्धं काम झालंय म्हणून अर्धे पैसे लागतील असं मनात धरू नका, उलट थोडे जास्तही लागतील. तुम्ही आठवून प्रामाणिकपणे लिहून दिलंत, हेड बोल्ट शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढलेत की नाही, बेअरिंगची फट मोजली होती की नुसती बसवली, तर त्यांचे तास वाचतात. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" लिहा, अंदाजाने काही लिहू नका.

रेटून पूर्ण करायची असेल तर सगळी गाडी डोळ्यासमोर आणू नका, दोन वर्षं तीच तर डोळ्यासमोर आहे. फक्त इंजिनाचा खालचा भाग घ्या, तेवढाच बंद करा. इंजिन बंद झाल्यावर थकलात तर फिटिंग आणि वायरिंग शॉपला देता येईल, तशी गाडी कोणीही खुशीने घेतो.

पण यातलं काहीही ठरवायच्या आधी या रविवारी खोकी उघडा, पार्ट्स पिशव्यांत घालून त्यावर नावं लिहा, आणि सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा. उघडा ब्लॉक दोन वर्षं तेलाशिवाय राहिला असेल तर होनिंगच्या बारीक रेघांवर गंज धरलेला असतो. बोट गुळगुळीत फिरलं तर स्वच्छ पुसून ऑइलचा हात द्या आणि वर प्लॅस्टिक बांधा. खरखर लागली तर पिस्टन काढा आणि ब्लॉक आधी मशीन शॉपला न्या, ते मोजून सांगतील नुसतं होनिंग पुरतंय की पुढच्या साइजचं बोरिंग लागणार. बोरिंग लागलं तर पिस्टनही बदलणार, आणि मग तुमचा खर्चाचा हिशेब दोन्ही बाजूंनी नव्याने मांडावा लागेल, तेव्हा मला परत लिहा.